डोंगरीचा काळा दगड आणि पानाचा चुना

तुमसर रोडहून तिरोडीकडे जाणारी रेल्वेलाइन आपल्या ओळखीची. त्या लाइनच्या आसपास डोंगरात काळा दगड आहे, मॅंगनीजचा. १८९६ साली हा दगड शोधायला इंग्रजांची एक सिंडिकेट मध्य प्रांतात उभी राहिली. १९६२ मध्ये तिच्या जागी मॉईल आली. आपल्या तालुक्यातल्या चिखला आणि डोंगरी बुजुर्ग या खाणी मॉईलच्याच.

डोंगरीच्या दगडात मॅंगनीज डायऑक्साइड असतं. म्हणजे दगडाने ऑक्सिजन धरून ठेवलेला असतो. टॉर्चच्या जुन्या सेलमधून निघते ती काळी पूड याचीच. पण मला आज सांगायचंय ते सेलच्याही आधीचं.

असाच दगड, डोंगरीचा नव्हे, युरोपातला, स्वीडनमधल्या कार्ल शीले नावाच्या औषधं बनवणाऱ्या माणसाने १७७१-७२ च्या सुमारास जहाल आम्लात तापवला. जो वायू निघाला त्यात मेणबत्ती भडकून जळाली. त्याने नाव ठेवलं ‘अग्निवायू’. बिचाऱ्याचं पुस्तक छापून यायला १७७७ उजाडलं. तोवर इंग्लंडच्या प्रीस्टलीने तोच वायू १७७४ मध्ये वेगळ्या रीतीने मिळवून जाहीरही केला होता. पुढे फ्रान्सच्या लाव्हाझिएने त्याला ऑक्सिजन म्हटलं आणि उलगडा केला: जळणं म्हणजे वस्तूने ऑक्सिजनशी जुळणं. चुलीतलं लाकूड हेच करतं. कोपऱ्यातला विळा गंजतो तेही हेच, फक्त सावकाश.

लाकूड जळून गेलं की त्यातला कार्बन जातो कुठे? हे कळलं होतं चुन्यामुळे, शीलेच्याही आधी. १७५० नंतरच्या काही वर्षांत स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅकने दाखवलं की चुनखडी भाजली की तिच्यातून एक वायू निघून जातो. तोच वायू कोळसा जळताना निघतो, आपल्या उच्छ्वासातूनही निघतो. आज आपण त्याला कार्बन डायऑक्साइड म्हणतो.

हे गटाच्या बैठकीत करून बघा. पानाचा थोडासा चुना ग्लासभर पाण्यात ढवळा, रात्रभर ठेवा, वरची नितळ निवळी अलगद ओता. तिच्यात नळीने हळूहळू फुंका. पाणी दुधाळ होईल. मात्र ओढायचं नाही, फक्त फुंकायचं, आणि लेकरांच्या डोळ्यांत थेंब उडू द्यायचा नाही. पोळ्याआधी भिंतीला चुना मारतो ना, तोही हवेतून हाच वायू घेऊन पुन्हा चुनखडी होतो. म्हणून वाळलेला चुना ओल्या चुन्यापेक्षा घट्ट बसतो.

आता मूळ मुद्द्यावर येते. निखाऱ्याला हवा पुरेशी मिळाली तर कार्बन डायऑक्साइड होतो. कमी मिळाली तर कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला वास नाही, रंग नाही. तो रक्तात ऑक्सिजनची जागा बळकावतो. चुन्याच्या निवळीला तो कळतच नाही, पाणी नितळच राहतं. धूर गेला, लाल निखारे उरले, म्हणजे धोका गेला असं आपल्याला वाटतं. खरं तर निखाऱ्यातूनच तो जास्त निघतो.

आणि आपण काय करतो? बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवतो, वारा लागू नये म्हणून खिडकीला चादर लावतो, दाराच्या फटीत गोधडी कोंबतो. शेक देण्याला माझा विरोध नाही, थंडीत ऊब लागतेच. बंद खोलीला आहे. निखारे बाहेर असताना वीट गरम करून, फडक्यात गुंडाळून आत न्या. खोली उबदार राहते, हवा बिघडत नाही. शेगडी आत आणलीच तर खिडकी आणि दार दोन्ही थोडी उघडी ठेवा, आणि झोपायच्या आधी ती बाहेर काढा. विझलेली दिसली तरी काढा.

बाळंतीण म्हणाली, “डोकं दुखतंय, मळमळतंय, झोप येतेय,” तर थकवा म्हणून सोडू नका. बाळ सुस्त पडलं, दूध ओढत नसलं तरी तसंच. आधी दार उघडा, दोघांना अंगणात मोकळ्या हवेत आणा, मग १०८ ला फोन करा. शेगडी खोलीत होती हे डॉक्टरांना आठवणीने सांगा, कारण लक्षणं साध्या तापासारखी दिसतात.