हलक्या विमानाचं डोंगरी कुळ

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधून पश्चिमेला पाहिलं की येऊरचे डोंगर आडवे येतात. दुपारी समुद्राकडून सुटलेला वारा बोरिवलीच्या अंगाने त्या डोंगरांवर चढतो आणि मामा-भांजेच्या टेकडीवरून आपल्या कारखान्यांच्या पत्र्यांवर उतरतो. म्हणजे आपण वाऱ्याच्या आडोशाला. लेथवर उभ्या असलेल्या माणसाला यात एवढंच कळतं की घाम वाळत नाही. छोटं विमान चालवणाऱ्याला मात्र डोंगराच्या या दोन बाजू जन्ममरणाइतक्या वेगळ्या वाटतात. चढता वारा विमानाला फुकट वर नेतो, उतरता वारा इंजिन पूर्ण ताकदीने चालू असतानाही खाली दाबतो.

म्हणूनच डोंगर म्हणजे हलक्या विमानाचा वैरी, असा सर्वसाधारण समज आहे. दोन माणसांचं, एका इंजिनाचं, सहाशे किलोंच्या आतलं ‘लाइट स्पोर्ट एअरक्राफ्ट’ सपाट मुलखात मजेत फिरावं, डोंगराच्या वाटेला जाऊ नये. पण या विमानाचं कुळ काढायला बसलं की मूळ पुरुष सापडतो तो टेकडीवरच. आणि पोटापाण्यासाठी तो कारखाना चालवत होता, हे वागळे इस्टेटला आवडावं.

ओटो लिलिएनथाल हा बर्लिनचा इंजिनिअर. त्याच्या कारखान्यात बॉयलर आणि लहान वाफेची इंजिनं बनत. त्याच छपराखाली तो विलोच्या काड्या आणि सुती कापड वापरून पंख बांधायचा. १८९१पासून तो उतारांवरून धावत जाऊन वाऱ्यावर झेपावू लागला. १८९४मध्ये त्याने बर्लिनजवळ लिश्टरफेल्डला १५ मीटर उंचीची स्वतःची टेकडीच रचून घेतली. ती शंकूसारखी गोल होती, कारण वारा कुठूनही आला तरी त्याच्या समोर उडी घेता यावी. एखाद्याने विमानासाठी डोंगर बांधल्याचं दुसरं उदाहरण मला तरी ठाऊक नाही. त्याने आपलं ग्लायडर विकायलाही काढलं, किंमत ५०० मार्क. गिऱ्हाइकं मोजकीच होती, पण त्यांत अमेरिकेचा वृत्तपत्रसम्राट विल्यम रँडॉल्फ हर्स्ट होता आणि रशियाचा शास्त्रज्ञ झुकोव्स्कीही. स्वतःच्या हौसेसाठी उडतं यंत्र विकत घेण्याची चाल इथून सुरू झाली. ९ ऑगस्ट १८९६ला वाऱ्याच्या झोताने लिलिएनथालचं ग्लायडर हवेत थबकलं आणि कोसळलं. दुसऱ्या दिवशी तो गेला.

राइट बंधूंनीही आधी वाळूच्या टेकड्यांवर ग्लायडर उडवून हात बसवला आणि मगच इंजिन चढवलं. पुढे इंजिनं इतकी जोरकस झाली की टेकडीची गरजच उरली नाही. ब्राझीलच्या सांतोस-दुमोंने बांबूचं ‘दमोझेल’ विमान करून त्याचे आराखडे कुणालाही फुकट वापरू दिले, पण जग तोवर मोठ्या विमानांच्या मागे लागलं होतं.

डोंगराकडे लोकांना परत आणलं ते एका तहाने. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनीच्या इंजिनवाल्या विमानांवर निर्बंध आले. तेव्हा तरुण पोरं बिनइंजिनाची विमानं घेऊन ऱ्योन पर्वतातल्या वासरकुप्पेवर जमली. हा साधारण ९५० मीटर उंचीचा बोडका माथा. १९२०मध्ये तिथे पहिली स्पर्धा झाली, तेव्हा हवेत काही मिनिटं टिकणं हीच कमाल होती. १९२२च्या ऑगस्टमध्ये हेंट्झेन नावाचा विद्यार्थी ‘व्हँपायर’ ग्लायडर घेऊन तीन तासांहून अधिक काळ वर राहिला. युक्ती साधी होती. वाऱ्याच्या बाजूच्या उतारासमोर लांबट आठचा आकडा काढत राहायचं आणि प्रत्येक वळण डोंगराकडे पाठ करून घ्यायचं. लोहगडावर उभं राहिलात तर घारी हेच करताना दिसतात, त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. लांब, अरुंद पंख हेही त्या माथ्याचंच देणं. ते पुढे आपल्या गोष्टीत परत येतील.

कुळाची दुसरी शाखा चक्क पडद्यातून निघाली. अमेरिकेत फ्रान्सिस आणि गर्ट्रूड रोगालो या नवरा-बायकोने १९४८मध्ये लवचिक पंखाचा नमुना केला तो स्वयंपाकघराच्या पडद्याच्या कापडाचा. त्यातून हँग ग्लायडर आलं, आणि सत्तरच्या दशकात डोंगरावरून उड्या मारणाऱ्यांची लाट उसळली. ज्यांच्या गावाला डोंगर नव्हता त्यांचं काय? विस्कॉन्सिनच्या जॉन मूडीने १९७५मध्ये आपल्या हँग ग्लायडरला गो-कार्टचं दहा-एक अश्वशक्तीचं इंजिन बांधलं आणि पायाने धावत सपाटीवरूनच उड्डाण केलं. अल्ट्रालाइट जन्मलं ते असं, डोंगराची उणीव भरून काढायला. १९८२मध्ये अमेरिकेने त्याला नियमात बसवलं: एक माणूस, रिकामं वजन सुमारे ११५ किलोंपर्यंत.

या पोरकट यंत्राला वयात आणलं ते ऑस्ट्रियाच्या रोटॅक्स कंपनीने. कॅनडाच्या बोम्बार्डिए कंपनीच्या स्की-डू या बर्फावर धावणाऱ्या गाड्यांना रोटॅक्सची टू-स्ट्रोक इंजिनं लागत. १९७०मध्ये बोम्बार्डिएने ती कंपनीच विकत घेतली. हलकं, जोरकस आणि थंडीला न घाबरणारं हे इंजिन अल्ट्रालाइटवाल्यांनी उचललं नसतं तरच नवल. पण टू-स्ट्रोक कधी जाम होईल याचा भरवसा नसे. खाली भातखाचरं असतील तर निभावतं, दरी असेल तर नाही. १९८९मध्ये रोटॅक्स ९१२ आलं: चार सिलिंडर, फोर-स्ट्रोक, ८० अश्वशक्ती, दुहेरी इग्निशन, मोटारीच्या पेट्रोलवरही चालणारं. सिलिंडर हवेने थंड, हेड पाण्याने. क्रँक मिनिटाला साडेपाच-सहा हजार फेरे घेतो आणि मधला गिअरबॉक्स पंख्याचा वेग निम्म्याहून कमी करतो. दरी ओलांडायला हरकत नाही असं हलक्या विमानाला म्हणता आलं ते या इंजिनामुळे. माझ्या मते सगळ्या कुळकथेत लिलिएनथालखालोखाल मान या गिअरबॉक्सवाल्या इंजिनाचा.

२००४मध्ये अमेरिकेने ‘लाइट स्पोर्ट’ असा वेगळा वर्ग केला. दोन आसनं, एक इंजिन, जमिनीवरून उडणाऱ्याचं कमाल वजन ६०० किलो, सरळ उड्डाणात वेग ताशी २२० किलोमीटरच्या आसपासच. वैमानिकाने समुद्रसपाटीपासून १०,००० फुटांच्या वर जायचं नाही, अशीही अट घातली. कागदावर ती शहाणपणाची दिसते. पण रॉकी पर्वतांतली शिखरंच १४,००० फुटांची. अट पाळायची तर माथ्यावरून जाण्याऐवजी खिंडीतून जावं लागे, म्हणजे नेमकं जिथे वारा कोंडून उसळतो तिथून. २०१०मध्ये सुधारणा झाली: १०,००० फूट किंवा जमिनीपासून २,००० फूट, यांतलं जे उंच असेल ते. विमानाला डोंगरात जास्त उंचीवर उडू देणं हीच सुरक्षितता, हे कायद्याला पटायला सहा वर्षं लागली.

पटायला हवंच होतं, कारण हिशेब सरळ आहे. दर हजार फुटांमागे साध्या इंजिनाची ताकद साधारण तीन टक्क्यांनी घटते. दहा हजारांवर ८०ची छप्पन-साठ अश्वशक्ती उरते. मग चढण मिनिटाला दोन-तीनशे फुटांवर येते, आणि आडोशाच्या बाजूचा वारा हजार फुटांनी खाली खेचू शकतो. म्हणून जाणते वैमानिक कडा समोरासमोर ओलांडत नाहीत, तिरके जातात. वारा दाबू लागला तर थोडक्या वळणात मागे फिरता येतं.

आपल्याकडे सह्याद्री आहे, हौसही आहे. हडपसरला सरकारी ग्लायडिंग सेंटर आहे. कामशेतच्या टॉवर हिलवर आणि शेलारच्या उतारावर पॅराग्लायडरवाले वाऱ्याची वाट बघत बसतात. येऊरच्याच पलीकडच्या अंगाला, कांदिवलीच्या चारकोपमध्ये, अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. ते लाइट स्पोर्ट वर्गापेक्षा मोठं, पण वृत्ती तीच. २०१६मध्ये ते बीकेसीतल्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी पाहिलं, उड्डाणाचा परवाना २०१९मध्ये आला. ठाण्या-कल्याणात विमान ठेवायचं म्हटलं तर प्रश्न धावपट्टीचा. मलंगगडाच्या बाजूला नेवाळीला दुसऱ्या महायुद्धातली धावपट्टी आहे, पण त्या जमिनींवरून शेतकरी आणि नौदल यांचा वाद २०१७मध्ये रस्त्यावर आला. तिथे हौसेचं विमान उतरवायची भाषा कुणी करू नये.

बोरिवलीची वैमानिक आरोही पंडित मात्र या कुळाचं सगळं संचित घेऊन निघाली. तिचं ‘माही’ हे विमान स्लोव्हेनियाच्या पिपिस्ट्रेल कंपनीचं सायनस ९१२. आपल्या एनसीसीसाठी मागवलेली ‘गरुड’ विमानं याच कंपनीची. युगोस्लाव्हियाच्या काळात स्लोव्हेनियातल्या डोंगरांखाली इव्हो बोस्कारोल आणि त्याचे सोबती मोटारवाले हँग ग्लायडर संध्याकाळी, फारसं कुणाच्या नजरेत न येता, उडवत. त्यातून १९८९मध्ये ही कंपनी निघाली. माहीचं वजन बुलेटसारख्या दोन मोटारसायकलींपेक्षा फार जास्त नाही. नाकात रोटॅक्स, आणि पंख ग्लायडरचे, लांब अरुंद. इंजिन बंद पडलं तरी असं विमान दहा हजार फुटांवरून, वारा नसेल तर, ऐंशी-एक किलोमीटर तरंगत जाऊ शकतं.

मे २०१९मध्ये आरोही स्कॉटलंडच्या विकहून एकटी निघाली, आइसलंडला थांबली आणि ग्रीनलंडच्या हिमपठारावरून पुढे गेली. ते पठार मध्यभागी दहा हजार फुटांच्याही वर चढतं आणि तिथे उतरायला जागा नाही. १३ मेच्या मध्यरात्री ती कॅनडातल्या इकालुइटला उतरली. वयाच्या तेविसाव्या वर्षी लाइट स्पोर्ट विमानातून एकटीने अटलांटिक ओलांडणारी ती जगातली पहिली स्त्री. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिने अलास्काहून रशियाकडे बेरिंग समुद्रही ओलांडला. १५ ऑक्टोबर २०२१ला, जेआरडी टाटांनी १९३२मध्ये केलेल्या टपालफेरीची आठवण म्हणून, तीच माही तिने भुजहून अहमदाबादमार्गे जुहूला आणली, जीपीएस न लावता.