मामांची ईको, चोरीला गेलेली ‘माती’ आणि एक पिवळा दिवा

आजचा भाग सुरू होतो आपल्या चिंचोटी नाक्यावरून. एका बाजूला मुंबई-अहमदाबाद हायवे, दुसरीकडे कामणवरून भिवंडीला जाणारा रस्ता आणि दिवसरात्र ट्रकांची रांग. माझे मामा इथेच राहतात. त्यांची ईको आहे, सकाळ-दुपार शाळेची पोरं ने-आण करतात. एका सकाळी त्यांनी चावी फिरवली आणि गाडी ट्रॅक्टरसारखी धडधडायला लागली. खाली वाकून बघतात तर सायलेन्सर गायब!

गॅरेजवाला म्हणाला, “ओरिजिनल महाग पडेल मामा. साधा पाइप टाकून देतो, गाडी उलट हलकी पळेल.” पाइप बसला, आवाज थांबला. पण डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला, तो काही विझेना. मामा मला म्हणाले, “अरे, गाडी तर पळतेय. मग हा दिवा कशाला बोंबलतोय?”

या प्रश्नाचं उत्तर इतिहासात आहे.

आधी बघू, चोरांनी नेलं काय? पत्र्यासाठी कोणी एवढी मेहनत घेत नाही. त्यांना हवा होता कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. आत मधाच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रांची सिरॅमिकची वीट असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या धातूंचा अगदी पातळ थर. इंजिनातून येणारा विषारी कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनचे ऑक्साइड इथून जाताना बरेचसे निरुपद्रवी होतात.

अमेरिकेत लॉस एंजेलिसवर धुरकं दाटू लागलं, तेव्हा १९५० च्या दशकात मूळचे फ्रेंच इंजिनिअर यूजीन हूद्री यांनी गाड्यांसाठी असा डबा बनवला. पण पेट्रोलमध्ये तेव्हा शिसं असायचं. शिशाचा थर चढला की हे धातू निकामी. म्हणून अमेरिकन गाड्यांत तो सर्रास यायला १९७५ ची मॉडेल्स उजाडली.

अजून एक अडचण होती. तिन्ही विषारी वायू एकदम साफ करायचे तर इंजिनात १ किलो पेट्रोलमागे साधारण १४.७ किलो हवाच जायला हवी. हे सतत मोजणार कोण? १९७६ मध्ये व्होल्वोच्या गाड्यांत बॉशचा ऑक्सिजन सेन्सर आला. धुरात ऑक्सिजन किती उरलाय ते तो ओळखतो, आणि त्यावरून पेट्रोल कमी-जास्त केलं जातं. तेव्हापासून डबा आणि सेन्सर ही जोडी जमली.

आता आपल्याकडे या. दिल्लीत एम. सी. मेहता यांच्या याचिकांनी रेटा लावला होता. १ एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत विकल्या जाणाऱ्या नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा झाला. पण हे महानगरांपुरतंच! वसई तालुका तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता, पालघर जिल्हा झाला २०१४ मध्ये. मुंबईबाहेर शिसंविरहित पेट्रोल मिळणारे पंप मोजके. म्हणजे मुंबईची नवी गाडी हायवेला लागली आणि चुकून शिसंवालं पेट्रोल भरलं, की डब्याची वाट लागायची. त्यात बऱ्याच गाड्या कार्ब्युरेटरवर चालायच्या, सेन्सरचा पत्ता नाही. पुढे मुंबईत स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरमची याचिका उच्च न्यायालयात गाजली, २००० मध्ये देशभर पेट्रोलमधलं शिसं गेलं, आणि त्याच सुमारास गाड्यांच्या मागे ‘एमपीएफआय’ अशी अक्षरं झळकू लागली. तुमच्या बाबांना विचारा, त्यांना आठवत असतील! त्या अक्षरांमागे कॉम्प्युटर होता आणि ऑक्सिजन सेन्सरही.

आता मामांच्या दिव्याकडे येऊ. नव्या गाड्यांत सेन्सर दोन असतात. पहिला डब्याच्या आधी, तो पेट्रोल ठरवायला मदत करतो. दुसरा डब्यानंतर, त्याचं मुख्य काम पहारा देणं. डबा नीट असेल तर दुसऱ्याचं रीडिंग बऱ्यापैकी स्थिर राहतं. डबा काढला की दुसराही पहिल्यासारखाच वरखाली नाचू लागतो. कॉम्प्युटर समजतो की डबा काम करत नाही, आणि दिवा लावतो. स्कॅनर जोडला की बहुतेक वेळा ‘पी०४२०’ हा कोड दिसतो.

मग इंजिन बिघडतं का? खरं सांगायचं तर लगेच नाही. पण मोकळ्या पाइपने ताकद वाढते म्हणणं फसवं आहे. डबा तुंबलेला असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा गाडी खरंच दमते. चांगला डबा काढून छोट्या इंजिनाला नावापुरताच फरक पडतो. उलट जोड नीट बसला नाही आणि पहिल्या सेन्सरपाशी बाहेरची हवा शिरली, तर त्याला वाटतं पेट्रोल कमी पडतंय. कॉम्प्युटर आणखी पेट्रोल सोडतो. ॲव्हरेज पडतं, प्लग काळे होतात. सेन्सरची वायरच कापली तर कॉम्प्युटर अंदाजपंचे चालतो.

आणि चोरी का वाढली? १ एप्रिल २०२० ला देशभर बीएस-६ आलं, चीननेही नियम कडक केले, धातूंची मागणी चढली. मार्च २०२१ मध्ये ऱ्होडियम औंसाला २९ हजार डॉलरच्या आसपास गेलं, सोन्याच्या पंधरापटीहून जास्त. त्याच काळात महाराष्ट्र-गुजरातमध्ये ईकोचे सायलेन्सर चोरणाऱ्या टोळ्यांच्या बातम्या येऊ लागल्या. गाडी उंच, खाली सरकायला सोपी. आतल्या भुकटीला बातम्यांत ‘माती’ म्हणतात. हवा वाचवायला केलेल्या नियमानेच त्या मातीला भाव आला!

मी मामांना एवढंच म्हटलं, “मामा, हा डबा इंजिनाला लागतच नाही, म्हणून इंजिन तक्रार करत नाही. डबा आहे गाडीबाहेरच्या माणसांसाठी. त्यांच्या वतीने कोणीतरी बोंबललं पाहिजे, म्हणून तो दिवा.” मामा गप्प झाले. गाडी सुरू असताना पोरं कुठे उभी राहतात, ते त्यांना माहीत होतं. धुराच्या नळकांड्यामागे, दप्तर सावरत. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. खालचा पाइप गळका असेल तर तो गाडीतही शिरू शकतो.

पोलीस तक्रार झाली होतीच. डबा बसवायला मामांना दोन महिने पैसे साठवावे लागले. आता गाडी रात्री भिंतीला चिकटून, उजेडात उभी असते, आणि दिवा विझलाय.

तुमच्या घरच्या गाडीत हा दिवा लागलाय का? आजच बघा. भेटू पुढच्या भागात!