अलास्कातील टपालाची वाट

अलास्काच्या अंतर्भागातील फेअरबँक्स आणि कस्कोक्विम नदीकाठचे मॅकग्राथ या दोन गावांमधील अंतर आकाशमार्गाने तीनशे मैलांहून थोडे कमीच भरेल. परंतु १९२४ पूर्वी हिवाळ्यात ज्यांना ते तोडावे लागे, त्यांच्या लेखी ते अठरा-वीस दिवसांचे होते. सडक नाही, नद्या गोठलेल्या, अशा मुलखात सरकारी टपालाचा मक्ता घेतलेले गाडीवान कुत्र्यांच्या घसरगाड्या हाकीत, वाटेवरच्या धर्मशाळावजा घरांतून मुक्काम करीत, मजल दरमजल पुढे सरकत. आणि समोरून कोणीही आला तरी त्याने टपालाच्या गाडीस वाट द्यावी, असा रिवाज होता.

२१ फेब्रुवारी १९२४ रोजी कार्ल बेन आइलसन या वैमानिकाने टपाल खात्याने दिलेल्या डी हॅविलँड विमानातून हाच पल्ला तीन तासांच्या आत गाठला. परतीच्या वाटेवर मात्र त्यास काळोखाने गाठले, फेअरबँक्सला उतरताना विमानाची मोडतोड झाली, आणि पुढेही अपघात घडल्यावर खात्याने तो प्रयोग आवरता घेऊन टपाल पुन्हा कुत्र्यांच्या हवाली केले.

या निर्णयाचे मर्म पुढच्याच हिवाळ्यात प्रत्ययास आले. जानेवारी १९२५ मध्ये बेरिंग समुद्राकाठच्या नोम गावात घटसर्पाची साथ उद्भवली, बंदर बर्फाने जखडले होते, आणि डॉक्टर कर्टिस वेल्च यांनी तारेने प्रतिविषाची मागणी केली. विमानाने ते धाडावे, असा आग्रह धरणारे पुष्कळ होते. पण हाताशी असलेली विमाने सुटी करून ठेवलेली, त्यांच्या बैठका उघड्या, त्यांची इंजिने पाण्याने थंड होणारी, आणि थंडी शून्याखाली पन्नास अंश फॅरनहाइटच्या आसपास. तेव्हा गव्हर्नर स्कॉट बोन यांनी कुत्र्यांच्याच बाजूने कौल दिला. अँकरेजहून रेल्वेने नेनाना येथे आलेले औषध तेथून वीस गाडीवानांनी हातोहात पुढे नेले. त्यांपैकी कित्येक याच वाटेवर टपाल वाहणारे स्थानिक आदिवासी होते. लेनर्ड सेप्पाला याने टोगो या आघाडीच्या कुत्र्याच्या भरवशावर नॉर्टन साउंडचे गोठलेले पाणी ओलांडले, आणि टपालास एरवी सुमारे पंचवीस दिवस लागणारा ६७४ मैलांचा मार्ग साडेपाच दिवसांत संपवून २ फेब्रुवारीस औषध नोमला पोहोचले.

विमानाचा वेग तेव्हा सिद्ध झाला होता; सिद्ध व्हावयाची होती ती त्याची नियमितता, आणि टपालाचा मक्ता वेगास नव्हे, भरवशास मिळत असतो. तो भरवसा येण्यास धावपट्ट्या, हवामानाच्या वर्दी आणि थंडीस न दबणारी यंत्रे हवी होती. ती जसजशी आली तसतशी एकेक वाट कुत्र्यांच्या हातून सुटत गेली. तरीही सेंट लॉरेन्स बेटावरील सावूंगा येथे त्यांची नियमित टपालफेरी १९६३ पर्यंत, म्हणजे आइलसनच्या उड्डाणानंतर ३९ वर्षे, चालू राहिली.