सुई आणि आंकडे

खामगांवच्या आमच्या जुन्या घरांत माळ्यावर एक लांकडी पेटी आहे. तींत आजोबांनीं घेतलेल्या सुमारें चाळीस तबकड्या जपून ठेवलेल्या आहेत; जपून म्हणजे, वऱ्हाडच्या उन्हाळ्यांत लाखेची वस्तु जितकी जपतां येते तितकी. ज्या तबकड्या उभ्या राहिल्या त्या वांचल्या. ज्या तिरक्या कलल्या त्या द्रोणासारख्या वळल्या. गेल्या दिवाळींत माझा भाचा पुण्याहून आला होता. संगणक हाच त्याचा व्यवसाय असल्यामुळें त्यानें ह्या सर्व तबकड्या संगणकांत उतरवून घेण्याचें मनावर घेतलें. पहिल्या दोनचार झाल्यावर ऐकत बसलों असतां तो सहज म्हणाला, "मामा, हा प्लेअर राहूं द्या. तो दुसरा लावून पाहा, आवाज किती भरदार येतो तो!"

फाईल तीच, संगणक तोच, स्पीकरही तेच. बदलली ती केवळ गाणें वाजविणारी आज्ञावली. एवढ्यानें गाणाऱ्याचा गळा भरदार व्हावा काय? मी इतिहासाचा शिक्षक आहें. पदार्थविज्ञानांत माझी गति फारशी नाहीं. परंतु एखादी समजूत खरी कीं खोटी, ह्या प्रश्नाच्या जोडीला ती कोठून आली हाही एक प्रश्न असतो, आणि तो मात्र आमच्या शास्त्राच्या कक्षेंत येतो.

ही समजूत संगणकाबरोबर आलेली नाहीं. ती त्याहून पुष्कळ जुनी आहे, आणि एके काळीं ती अक्षरशः खरी होती.

१९०२ सालीं फ्रेड गायसबर्ग हा गृहस्थ ग्रामोफोन कंपनीच्या वतीनें कलकत्त्यास आला व त्यानें गौहरजान आदि कलावंतांचीं गाणीं मेणावर उतरविलीं. त्या मेणाच्या नोंदी जर्मनींत हॅनोव्हर येथें जात, तेथें तबकड्या छापल्या जात व बोटीनें परत येत. गाणें संपल्यावर गायिका आपलें नांव स्वतः उच्चारी, तें हॅनोव्हरच्या कारागिरास तबकडीवर कोणाचें नांव चिकटवावें हें कळावें म्हणून. १९०८ च्या सुमारास कलकत्त्यांतच छपाई सुरू झाली आणि तबकडी आंतल्या भागांतही पोहोंचूं लागली. खामगांव तर कापसाच्या बाजारामुळें जालंबच्या फांट्यानें १८७० सालींच रेल्वेला जोडलें गेलें होतें. आजोबांनीं आपलें यंत्र एका चांगल्या हंगामाच्या अखेरीस आणलें, असें आई सांगत असे.

त्या यंत्रांत वीज नव्हती. चावी दिली कीं कमानीच्या जोरावर तबकडी फिरे, खाचेंतून सुई थरथरत जाई, सुईच्या मागची पातळ चकती कांपे, आणि तो कंप कर्ण्यांतून मोठा होऊन बाहेर येई. जो कांहीं आवाज दिवाणखान्यांत पसरे तो सगळा त्या सुईच्या टोंकानें उत्पन्न केलेला असे. म्हणूनच मोठ्या आवाजाच्या, मध्यम आवाजाच्या आणि मृदु आवाजाच्या अशा निरनिराळ्या सुया विकत मिळत. पोलादी सुई एका बाजूनंतर बदलावी लागे. कोणी बांबूची किंवा कांट्याची सुई वापरी, कां कीं तिनें आवाज गोड येतो व खाच झिजत नाहीं. ह्या वादांत दोन्ही पक्ष खऱ्या फरकाविषयीं बोलत होते. वाजविणारें साधन गाण्याला प्रत्यक्ष स्पर्श करीत होतें. नव्हे, तें गाणें खरवडून काढीत होतें.

पुढें १९२५ पासून ध्वनिमुद्रण विजेवर होऊं लागलें, १९४८ मध्यें मंद गतीची लांब तबकडी निघाली, १९६३ मध्यें कॅसेट निघाली. ह्या सर्वांचा इतिहास येथें सांगण्याचें कारण नाहीं. कॅसेटच्या यंत्राचें डोकें मळलें कीं गाणें घोगरें होई, हें ज्यांचें तरुणपण त्या काळांत गेलें त्यांना ठाऊक आहे. म्हणजे पाऊणशें वर्षें, तीन पिढ्या, आमच्या कानांना एकच धडा मिळाला: यंत्र बदललें कीं आवाज बदलतो.

१९८२ मध्यें कॉम्पॅक्ट डिस्क बाजारांत आली आणि ह्या धड्याखालची जमीन सरकली. धडा मात्र तसाच राहिला. ह्या पद्धतींत ध्वनीची लाट सेकंदास ४४,१०० वेळां मोजली जाते, आणि प्रत्येक मोज ६५,५३६ पायऱ्यांपैकीं कोणत्या पायरीवर पडली तो आंकडा लिहून ठेविला जातो. संगणकावरील प्लेअरचें काम एवढेंच कीं हे आंकडे फाईलींतून वाचावे आणि ध्वनि उत्पन्न करणाऱ्या मंडलाकडे पोंचते करावे. अडत्याच्या दुकानांत खतावणीवरचे आंकडे मुनिमानें वाचले काय किंवा त्याच्या मुलानें वाचले काय, बेरीज बदलत नाहीं. कोणी म्हणेल, एक सावकाश वाचील, दुसरा अडखळत वाचील. परंतु हे आंकडे आधीं एका सांठ्यांत जमा होतात, आणि कोणता आंकडा कोणत्या क्षणीं विजेच्या लाटेंत उतरावयाचा हें मंडलांतील स्फटिकाचें घड्याळ ठरवितें. तेथें प्लेअरचा हात पोंचत नाहीं.

मुनीम मधेंच स्वतःची अक्कल चालवूं लागला तर गोष्ट निराळी, आणि अशी अक्कल चालविली गेल्याचीं उदाहरणें आहेत. २००० सालच्या आसपास घरोघर असलेल्या विंडोज संगणकांत निरनिराळ्या ठिकाणांहून येणारे ध्वनि एकत्र मिसळण्यासाठीं एका वेगावर आणले जात, आणि तो वेग बहुधा सेकंदास ४८,००० मोजांचा असे. ४४,१०० चे ४८,००० करणें म्हणजे दर १४७ आंकड्यांच्या जागीं नवे १६० आंकडे बसविणें. हें गणित नीट केलें तर कानाला कळत नाहीं. घाईनें केलें तर उंच स्वरांत खोट मिसळते. त्या काळीं हें काम चुकविणारा प्लेअर चांगला आणि न चुकविणारा वाईट, असें म्हणणाऱ्यांच्या म्हणण्यांत तथ्य होतें. २००७ मध्यें बाजारांत आलेल्या व्हिस्टा ह्या आवृत्तींत ही व्यवस्था नव्यानें बांधली गेली, आणि प्लेअरला हवें तर आंकडे जसेच्या तसे पोंचविण्याचा स्वतंत्र मार्ग मिळाला. दुसरी ढवळाढवळ खुद्द ऐकणाराच करतो: खर्ज वाढविण्याच्या पट्ट्या सरकवितो, "आवाज सुधारा" अशा बटणावर बोट ठेवतो आणि विसरून जातो. एमपी३ची गोष्ट आणखी वेगळी. सेकंदाला १४ लाखांहून अधिक अंक-चिन्हें लागत तेथें १,२८,००० वर भागविलें, तर जें गेलें तें फाईल बनवितांनाच गेलें. तें कोणताही प्लेअर परत आणूं शकत नाहीं.

हें सगळें मी भाच्याला ऐकविलें. तो म्हणाला, "तें खरें असेल, पण मला फरक ऐकूं येतो त्याचें काय?" प्रश्न रास्त होता. आमच्या महाविद्यालयांतील पदार्थविज्ञानाचे एक सहकारी दुसऱ्या दिवशीं चहाला आले, त्यांनीं दोन्ही प्लेअर उघडून पाहिले. भाच्याच्या आवडत्या प्लेअरमध्यें खर्जाची पट्टी चढविलेली होती आणि एकंदर आवाजही थोडा मोठा होता. त्यांनीं पट्टी उतरविली, दोहोंचा आवाज मोजून सारखा केला, आणि आम्हां दोघांस पडद्याकडे पाठ करून बसविलें. दहा वेळांपैकीं भाच्यानें सहा वेळां बरोबर ओळखलें, मीं चार वेळां. नाणें उडवून याहून वाईट उत्तर आलें नसतें, असें ते हंसत म्हणाले.

कान खोटें बोलतो असें मात्र कोणी समजूं नये. १९३३ मध्यें अमेरिकेंत फ्लेचर आणि मन्सन ह्या संशोधकांनीं दाखवून दिलें कीं, आवाज लहान असतां कानाला खर्ज प्रमाणाबाहेर कमी ऐकूं येतो; म्हणून तोच ध्वनि किंचित् मोठा केला कीं भरदार वाटतो. भाच्याला फरक ऐकूं आला तो खराच होता. त्याचें कारण त्यानें चुकीचें लावलें. आणि अपेक्षेचा जोर किती असतो हें पाहावयाचें तर १९१५ पासून एडिसनच्या कंपनीनें अमेरिकेंत केलेले प्रयोग आठवावे. रंगमंचावर गायिका गात असे, दिवे मालवत, आणि पुन्हां लागत तेव्हां ती निघून गेलेली असून यंत्र गात असे. श्रोते फसत. कांहीं गायिका आपला आवाज यंत्राच्या बेताचा करून गात, हें मागाहून कळलें.

आमच्याकडे स्वराचा वाद मोजमापानें सोडविण्याचा उद्योग ह्याच्याही आधीं झाला होता. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल ह्यांनीं अब्दुल करीम खां ह्यांच्या गळ्यांतील स्वर तारेच्या लांबीवर मोजले आणि १९१० मध्यें बावीस श्रुतींवर आपलें इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केलें. क्लेमंट्स नांवाच्या सनदी अधिकाऱ्यासह त्यांनीं श्रुतींची पेटीही करविली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेंत ती मान्यता पावली नाहीं. तो वाद येथें उकरून काढीत नाहीं. मला त्यांतील एकच माप हवें आहे. ह्या गणितांतली सर्वांत बारीक श्रुति ८१ : ८० ह्या प्रमाणाची, म्हणजे अर्ध्या स्वराच्या पंचमांशाहून थोडी अधिक. एवढ्या अंतरासाठीं त्या पिढीनें पुस्तकें लिहिलीं.

आतां त्याच अब्दुल करीम खांचें, किंवा त्या काळच्या कोणाही गवयाचें, पहिल्या दशकांतलें गाणें संगणकावर लावावें. त्या वेळीं तबकडीचा वेग मिनिटास ७८ फेरे असा ठरलेला नव्हता. कोणी ७४ वर मुद्रित करी, कोणी ८० वर. ७४ वर मुद्रित झालेली तबकडी ७८ वर फिरवून संगणकांत उतरविली कीं काळी एकवर गाणारा गवई जवळजवळ पांढरी दोनवर जाऊन बसतो. देवलांच्या त्या बारीक श्रुती चार भरतील एवढा हा फरक! लय धांवते, गळा पातळ होतो, गमकाची वळणें आंखडतात. आणि ऐकणारा तरुण म्हणतो, जुने लोक असेच चिरक्या आवाजांत गात असत. बालगंधर्वांच्या आवाजाविषयीं वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेलें आणि आपण फाईलींत ऐकतों तें जुळत नाहीं, अशी तक्रार मीं पुष्कळांच्या तोंडून ऐकली आहे. प्रत्येक वेळीं दोष वेगाचाच असेल असें नाहीं. वेग मात्र कोणी तपासलेला नसतो. ह्या चुकीला कोणताही प्लेअर जबाबदार नाहीं. तो बिचारा चुकीचे आंकडे अगदीं इमानानें वाचून दाखवितो.

मुंबईंत १९९० पासून 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संग्राहकांची संस्था अशा तबकड्या गोळा करून त्यांच्या याद्या, क्रमांक व हकीकती छापीत आली. क्रमांकावरून मुद्रणाचें साल, सालावरून वेगाचा अंदाज, असा तो कंटाळवाणा, महत्त्वाचा उद्योग आहे. नव्या प्लेअरसाठीं हजारों रुपये मोजणाऱ्या रसिकाला ह्या उद्योगाची वार्ता बहुधा नसते, ह्याचें मला वाईट वाटतें.

भाच्यानें हें ऐकून आजोबांच्या पेटींतील एक तबकडी पुन्हां काढली. कागद फाटलेला, क्रमांक अर्धा पुसलेला. साथीला पेटी आहे, पण त्या काळच्या पेट्याही सगळ्या एका स्वरांत लावलेल्या नसत. आईला तें गाणें पाठ होतें. ती असती तर तिनें पहिल्या आलापालाच हात वर करून थांबविलें असतें. ती जाऊन आतां नऊ वर्षें झालीं. भाच्यानें तें गाणें ७४, ७६ आणि ७८ अशा तिन्ही वेगांनीं निरनिराळें उतरवून ठेविलें आहे, आणि खालीं प्रत्येकाचा वेग लिहिला आहे.