न जळणारे तेल

दिवाळीच्या पहाटे पणती लावताना तेलाचा एकच गुण आपल्या ध्यानी येतो : ते जळते आणि उजेड देते. परंतु तेलाच्याच कुळातले एक द्रव्य असे आहे, की ते स्वतः जळत नाही. उलट, आलेल्या उजेडाची मिळकत राखून ठेवते. डबक्यातल्या चिखलात वाढणाऱ्या जांभळ्या जीवाणूंच्या अंगी ते असते. शास्त्रज्ञ त्याला लिपिड म्हणतात. त्याचे मोल कळायला जवळजवळ एक शतक लागले.

१८८३ साली हॉलंडमधील उत्रेख्त येथे एंगेलमान या जर्मन शास्त्रज्ञाने सूक्ष्मदर्शकातून पाहिले, की हे जीवाणू उजेडाच्या ठिपक्यात गोळा होतात. पुढे १९३१ मध्ये व्हॅन नील याने दाखवून दिले, की तेही वनस्पतींप्रमाणे प्रकाशावर अन्न तयार करतात. मात्र प्राणवायू सोडीत नाहीत. १९५४ साली फ्रेंकेलने त्यांच्या आतल्या पापुद्र्याचे बारीक तुकडे वेगळे काढून त्यांवर प्रकाश पाडला, तो काय! त्या तुकड्यांनी जीवपेशीचे चलनी नाणे, म्हणजे एटीपी हे द्रव्य, तयार केले.

पण प्रकाशातून हे नाणे पाडले जाते कसे? मध्ये एखादे रसायन असले पाहिजे, असे समजून ते हुडकण्यात भलेभले विद्वान गुंतले. ते रसायन काही सापडेना. पापुद्र्यातल्या लिपिडाकडे मात्र नुसते वेष्टन म्हणून पाहिले जाई.

१९६१ साली पीटर मिचेल या इंग्रज संशोधकाने सांगितले, की असे रसायन नाहीच! प्रकाशाच्या बळावर प्रोटॉन पापुद्र्याच्या एका बाजूला ढकलले जातात. लिपिडाची भिंत त्यांना परतू देत नाही. धरणात पाणी तुंबावे तसे ते तुंबतात आणि एका ठरावीक प्रथिनाच्या दारातूनच परततात. त्या ओघावर एटीपी बनते.

अनेकांनी ही कल्पना उडवून लावली. त्यातच पोटातील व्रणाने मिचेल बेजार झाला. १९६३ मध्ये एडिंबरोची नोकरी सोडून तो कॉर्नवॉल परगण्यात गेला, तेथील एक पडका वाडा त्याने दुरुस्त केला आणि जेनिफर मॉयल या सहकारिणीसह तेथेच प्रयोगशाळा थाटली.

१९७४ साली रॅकर आणि स्टोकेनियस यांनी सोयाबीनमधील लिपिडाच्या सूक्ष्म पिशव्या केल्या. त्यांत मिठागरातल्या सूक्ष्मजीवाचे, प्रकाशावर प्रोटॉन ढकलणारे जांभळे प्रथिन बसविले. शेजारी गुराच्या हृदयातील एटीपी बनविणारे प्रथिन ठेवले. या दोघांची कधी गाठ पडली नव्हती. तरीही उजेड पडताच एटीपी तयार झाले! दोघांना जोडणारे होते ते फक्त प्रोटॉन, आणि त्यांना अडविणारी लिपिडाची भिंत. १९७८ मध्ये मिचेलला नोबेल पारितोषिक मिळाले.

ही भिंत पाझरू लागली, तर जीवाणूवर उजेड कितीही पडो, पदरात काही उरत नाही. घरात पैसा आणणाऱ्याचे नाव होते. तो राखणारीकडे लक्ष जायला वेळ लागतो. विज्ञानाच्या घरीही तसेच झाले म्हणायचे!