जस्त-आयन विद्युत् घटमाला : धन विद्युत् अग्राचे स्थैर्य
झॉर्झ लक्लांशे यांचा जस्त–मँगॅनीज डाय-ऑक्साइड घट १८६६ चा. तो पुन्हा विद्युत् भारित करता येत नसे. १९८६ मध्ये यामामोतो व शोजी यांनी झिंक सल्फेटाचा जलीय विद्राव वापरून असा घट पुनर्भारणक्षम केला. तथापि त्रिसंयुजी मँगॅनिजापासून द्विसंयुजी आयन बनून ते विद्रावात विरघळत आणि घटाची धारकता घटत जाई. २०१६ मध्ये पॅन, लियू इत्यादींनी विद्रावात आधीच मँगॅनीज सल्फेट मिसळून हे विरघळणे रोखले. ५,००० आवर्तनांनंतरही ९२% धारकता टिकली. त्याच वर्षी कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठात कुंडू, नाझर इत्यादींनी व्हॅनेडियम ऑक्साइडाच्या थरांना जस्त आयनांचा व पाण्याच्या रेणूंचा आधार दिला. जलीय घट पेट घेत नाही व जस्त स्वस्त असते. मात्र मंद गतीच्या वापरात क्षय अधिक होतो. सौर ऊर्जेच्या साठवणीत वापर मंद गतीचाच असल्याने हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.