कोलनवॉटर ते ओ सोवाज : उडून जाणाऱ्या वासाची गोष्ट

आमच्या लहानपणी ताप आला की कपाळावर कोलनवॉटरची घडी ठेवत. मद्यार्क उडून जाताना त्वचेतील उष्णता घेऊन जाई, म्हणून गार वाटे. त्याबरोबरच लिंबासारखा ताजा वास येई आणि थोड्याच वेळात तोही नाहीसा होई.

हे पाणी मुळात औषध नव्हे, तर सुगंध. जर्मनीतील कोलोन शहरात स्थायिक झालेल्या योहान मारिया फारिना या इटालियन माणसाने अठराव्या शतकाच्या आरंभी ते तयार केले. १७०८ साली भावाला लिहिलेल्या पत्रात त्याने या वासाची तुलना इटलीतील वसंतातल्या, पावसानंतरच्या सकाळीशी केली होती. बर्गमोट नावाचे लिंबूवर्गीय फळ हा त्याचा प्राण. त्या काळच्या कस्तुरीसारख्या जड वासांपुढे हा हलकेपणा नवा होता.

पण हलकेपणातच अडचण होती. वास येतो म्हणजे पदार्थाचे रेणू हवेतून नाकापर्यंत पोचतात. संत्र्याच्या सालीतील तेलात ९० टक्क्यांहून अधिक लिमोनीन असते. त्याचा रेणुभार फक्त १३६. असे हलके रेणू चटकन उडतात, म्हणून वास लगेच जाणवतो आणि लगेच संपतो. तो टिकवण्यासाठी राळ, कस्तुरी असे जड पदार्थ मिसळावेत, तर ताजेपणाच झाकला जातो.

यातून वाट निघाली ती अनपेक्षित ठिकाणी. जिनिव्हातील फिर्मेनिश कंपनीत एदुआर देमोल हे रसायनशास्त्रज्ञ जाईच्या अर्कातील घटक शोधत होते. त्यात मिथाइल जास्मोनेट सापडले. त्याच्या रेणूत हायड्रोजनचे दोन अणू अधिक असले की होते मिथाइल डायहायड्रोजास्मोनेट, म्हणजेच ‘हेडिओन’. याचा रेणुभार २२६. तो सावकाश उडतो, पण त्याचा वास जड नाही. जाईची आठवण देणारा, मोकळ्या हवेसारखा आहे.

एदमों रुदनित्स्का या फ्रेंच सुगंधकाराने १९६६ साली दिओर कंपनीसाठी ‘ओ सोवाज’ हा पुरुषांचा सुगंध रचला. त्यात लिंबू, बर्गमोट, रोझमेरी आणि तळाशी आपल्या परिचयाचा वाळा आहे. शिवाय थोडे हेडिओन. लिंबाचे रेणू निघून गेल्यावरही ताजेपणाचा भास राहतो. फुलाचा अंश पुरुषांच्या सुगंधात, तोही रोज वापरण्याजोग्या सौम्य सुगंधात, असा सहज सामावला. पुढे हेडिओन असंख्य सुगंधांत वापरले गेले.

वर्गात एक प्रयोग करून पाहा. टीपकागदाच्या एका पट्टीवर संत्र्याची साल चिमटून तेल उडवा, दुसरीवर चंदनाच्या तेलाचा थेंब टाका. दर पंधरा मिनिटांनी मुलांना वास घ्यायला सांगा आणि वेळ फळ्यावर लिहा. कोणती पट्टी आधी बिनवासाची होते? आणि का? उत्तर मुलांनाच शोधू द्या.